पाहुण्यांचा डबा

चाचणी व्हायच्या आधीच ट्रक येऊन दारात उभा राहिला आणि माझं डोकं तिथंच फिरलं.

इंजिनावरचं झाकणसुद्धा मी अजून उघडलं नव्हतं. आणि हा ट्रकवाला गाडी उलटी लावून, मागचं फळकं खाली पाडून, जाड ब्लँकेटांच्या चळतीवर पाय हलवत बसलेला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात ते हेच.

“कधी चढवायचं, वहिनी?” त्यानं विचारलं.

“काय चढवायचं?”

“विमान.”

“विमान कुणी चढवावं लागत नाही. ते आपलं आपण चढतं,” असं म्हणून मी पाना घेऊन आत गेले. जाताना पाना जरा गरजेपेक्षा जास्तच हलवला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला संग्रहालयानं पाठवलं होतं.

आमचं विमान म्हणजे खरं तर संग्रहालयाचं विमान. मोठ्या युद्धातलं, एकट्या वैमानिकानं उडवायचं, लढाऊ. एका दलदलीतून ते ओढून काढलं तेव्हा त्याला विमान म्हणायला मोठं मन लागत होतं. पंखांतून झाडं उगवलेली आणि इंजिनात गोगलगाईंनी थाटलेला संसार. संग्रहालयानं ते दुरुस्तीला आमच्याकडे दिलं. आमच्याकडे म्हणजे आम्ही तिघं. माझा नवरा पत्र्याचं काम करतो. त्याच्या हाताखाली पत्रा लोण्यासारखा वळतो. इंजिन माझं. आणि थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, संशोधन करतात. कुठल्या स्क्रूला कुठला रंग होता, कुठला पाइप कुठून वळत होता, हे जगभर पत्रव्यवहार करून, जुनी ड्रॉइंग्ज मिळवून त्या शोधून काढतात. त्यांनी बोट दाखवल्याशिवाय आमच्याकडे खिळाही ठोकला जात नाही.

आता शहरात संग्रहालयाचं नवं दालन व्हायचं होतं. आमचं विमान त्याच्या छताला टांगायचं असं तिथल्या मंडळींच्या मनात आलं. छतात कड्यासुद्धा बसवून झाल्या. फक्त छताला वजन पेलवणार नव्हतं, म्हणून इंजिन काढून टाकायचं ठरलं. ऐकलंत ना? इंजिन काढून. पोट रिकामं करून सांगाडा वर लटकवायचा आणि खालून लोकांनी माना वर करून “अय्या!” म्हणायचं. मी संग्रहालयात जाऊन जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण वन्संनी शांतपणे बोलून एक अट पदरात पाडून घेतली. तपासनिसासमोर इंजिन थंड असताना चालू करून दाखवायचं, पुरतं तापवायचं, पूर्ण जोर द्यायचा, बंद करायचं आणि तापलेलं असतानाच पुन्हा चालू करायचं. तेवढं जमलं तर विमान आमच्याकडे राहील आणि उडेल. नाही जमलं तर ट्रक दारात आहेच.

मला ते उडायला हवं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं, जेवण गोड लागत नव्हतं. मी त्या इंजिनाचा प्रत्येक दांडा, प्रत्येक चकती हातात घेऊन धुतली होती. ते छताखाली धूळ खात टांगलेलं बघण्यापेक्षा मी पुन्हा दलदलीत नेऊन सोडलं असतं.

तपासनीस बाई आल्या. उंच, केस घट्ट बांधलेले, बगलेत फाइल. चहा घेणार का म्हटलं तर “नंतर” म्हणाल्या. खुर्ची दिली तर उभ्याच राहिल्या. मग आमचं वर्कशॉप बघत फिरल्या. पूर्वी इथं बसगाड्या धुवायचे, त्यामुळे फरशीला अजून उतार आहे आणि हातातून सुटलेला प्रत्येक नट गटाराकडे पळतो. बाई एका नटाला पायानं अडवून मला देत म्हणाल्या, “हा तुमचाच ना?” मला बाई आवडायला लागल्या होत्या, पण मी तसं दाखवलं नाही.

त्या भिंतीपाशी थांबल्या. तिथं वन्संची मूळ ड्रॉइंग्ज प्लास्टिकखाली लावलेली आहेत. त्यांच्यापासून हातभर अंतरात चहाचा कप आणायला बंदी. पेन्सिल तर लांबच राहिली, नुसतं बोट दाखवायचं तरी हात मागे बांधून ठेवावेत असं वाटावं, इतका धाक. शेजारच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता.

“यात काय?” बाईंनी विचारलं.

“पाहुणे,” माझा नवरा म्हणाला.

बाईंनी भुवया वर केल्या. वन्संनी समजावून सांगितलं. विमानातून जे जे निघालं त्यातलं ड्रॉइंगमध्ये आहे ते घरचं. ड्रॉइंगमध्ये जे नाही ते पाहुणं. ते विमानात परत बसवायचं नाही, पण टाकायचंही नाही. डब्यात ठेवायचं. दर शनिवारी चहाबरोबर एक पाहुणा बाहेर काढायचा आणि हा कोण, कुठून आला, यावर तिघांनी डोकं चालवायचं. सीटखाली सापडलेला दात तुटलेला कंगवा. रेडिएटरमधला वाळलेला नाकतोडा. दोऱ्याचं लाकडी रीळ. पेट्रोलच्या नळीला तारेनं करकचून बांधलेली ब्लँकेटची चिंधी.

“लग्न होऊन मी या घरात आले ना,” मी बाईंना म्हटलं, “तेव्हा मलाही या डब्यातच टाकलं असतं. मावले नाही म्हणून वाचले.”

“झाकण लागेना,” वन्सं गंभीरपणे म्हणाल्या.

बाई हसल्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “झालं का हो? कधी चढवायचं?”

“दम धरा जरा!” आम्ही तिघं एकदम ओरडलो.

विमान आम्ही ढकलत अंगणात आणलं. चाकांना लाकडी ठोकळे लावले, शेपटी साखळदंडानं जमिनीतल्या कडीला बांधली. मी आणि नवऱ्यानं पुढचा पंखा हातानं गोल फिरवला. दिवसातून पहिल्यांदा चालू करण्याआधी हे आम्ही कधीच चुकवत नाही. आत कुठं तेल साचून अडथळा झाला असेल तर हाताला आधी कळतं, धातूला नंतर. पंखा जड पण सरळ फिरला. नवरा कॉकपिटमध्ये चढून बसला. वन्सं आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. दारात पाहुणे आल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मी कानांवर जाड झाकणं चढवली आणि हात वर केला.

पंखा हिसका देऊन फिरला. एकदा खोकला. पुन्हा खोकला. पांढरा धूर फुसकन बाहेर. एक सिलिंडर बोललं, मग दुसरं, मग सगळी घरभर भांडण लागावं तशी एकदम! जमीन थरथरायला लागली. वर्कशॉपच्या खिडक्या वाजायला लागल्या, फळीवरचे कप वाजायला लागले, ट्रकचं उघडं फळकं खडखड करायला लागलं. मी एका कानावरचं झाकण उचललं. असं करू नये, पण त्याशिवाय इंजिन कळत नाही. तो आवाज माझ्या छातीत शिरला आणि मी हसत सुटले, एकटीच, तोंड उघडं टाकून. चालत होतं! गोगलगाईंचं घर होतं ते, आणि आता चालत होतं!

तापमानाचा काटा हळूहळू वर आला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. त्यानं जोर दिला आणि विमान साखळदंडाला ओढ देऊन उभं राहिलं. वन्संचा पदर उडून तोंडावर आला तरी त्यांनी नळकांडं सोडलं नाही. तपासनीस बाईंनी फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ट्रकवाला ब्लँकेटांवरून उतरून फाटकाशी आला होता आणि त्याच्या तोंडात जे काही होतं ते चघळायचं विसरला होता.

बाईंनी हाताची खूण केली. बंद.

एकदम शांत झालं. गरम धातू टिकटिक वाजत होता. मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या. बाईंनी फाइलमध्ये काही टिपलं आणि म्हणाल्या, “छान. आता तापलेलं आहे तोवर पुन्हा.”

मी हात वर केला. पंखा फिरला. फिरला, फिरला. खोकलासुद्धा नाही.

पुन्हा. पंखा फिरला, एकदा कुठंतरी फटकन वाजलं, आणि गप्प.

“अहो, काय करताय काय?” मी खालून ओरडले.

“मी काय करणार? तू सांगितलंस तेच करतोय!” नवरा वरून ओरडला.

आणखी एकदा. नाही. बॅटरीचा दम संपत आला तसं मी थांबायला सांगितलं. आम्ही इतक्या वेळा ते चालू केलं होतं, पण नेहमी सकाळी, थंड असताना. एकदा चाललं की बंद करायचं, पुसायचं, झाकायचं आणि चहा. तापलेलं असताना पुन्हा चालू करायची कधी वेळच आली नव्हती, कारण आम्हाला कुठं लढायला जायचं होतं! अट ठरली तेव्हाही, थंड असताना चालतं ते तापल्यावर चालणारच, असं मी धरून चालले होते. युद्धातल्या विमानाला मात्र तेच करावं लागतं. उतरायचं, पेट्रोल भरायचं, लगेच पुन्हा वर.

फाटकातून ट्रकवाला म्हणाला, “मग... काढू का दोर?”

मी वळले. काय बोलणार होते देव जाणे, पण वन्संनी माझ्या दंडाला धरलं.

“बाई,” वन्सं तपासनीस बाईंना म्हणाल्या, “नियमात किती वेळा प्रयत्न करायचा ते लिहिलंय का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आणि मला आज दुसरं काम नाही. पण पुन्हा केलंत तर सगळं पहिल्यापासून. तापवायचं, जोर द्यायचा, बंद करायचं, मग चालू. मधूनच नाही.”

मी झाकण उघडलं आणि आत हात घातले. आता माझं डोकं अगदी थंड झालं होतं. माझा राग नाकावर असतो, पण इंजिन अडलं की तो कुठंतरी पळून जातो. एक प्लग काढून बघितला. ठिणगी कशी निळीशार, झकास. म्हणजे वीज आहे. प्लग मात्र कोरडा होता. म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. टाकीत पेट्रोल आहे? आहे. टाकीतून सुटतंय? सुटतंय. मग वाटेत जातंय कुठं?

“वन्सं, नळकांडं घेऊन या. जवळ. अजून जवळ.”

कार्ब्युरेटरजवळचा नळीचा जोड मी अगदी थोडासा सैल केला. पेट्रोल ठिबकायला हवं होतं. त्याऐवजी सूंऽऽ करून वाफ सुटली आणि मागोमाग फसफसत चार थेंब थुंकल्यासारखे आले. मी जोड पटकन आवळला. पेट्रोलला आधण आलं होतं! नळीच्या आत पेट्रोल उकळत होतं, त्याची वाफ वाट अडवून बसली होती आणि पंप बिचारा नुसती हवा गिळत होता. चालू असताना पेट्रोल वाहतं राहतं, तेव्हा तापायला सवड मिळत नाही. बंद केलं की ते नळीत उभं राहतं आणि शिजतं.

पण तापतंय कुठं? मी नळीवरून बोट सरकवत नेलं. इथं कोमट. इथं कोमट. इथं...

“आई गं!”

बोट तोंडात. नळीचा एक बाक एक्झॉस्टच्या धुराड्यांना अगदी खेटून जात होता. ड्रॉइंगमध्ये होता तसाच, तंतोतंत, सूतभरही इकडेतिकडे नाही. वन्संनी मोजून घेतला होता आणि मी मोजून बसवला होता.

“बघू,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी नळकांडं खाली ठेवलं, स्वतःचा रुमाल पाण्यात बुडवला आणि माझ्या बोटाला गुंडाळायला लागल्या. “लहान मुलीसारखं कुठंही बोट घालतेस. भाजणार नाही तर काय.”

रुमालाचा पहिला वेढा बसला. दुसरा बसला. ठणका कमी झाला. मी त्या बोटाकडे बघत राहिले. मग नळीकडे बघितलं. मग पुन्हा बोटाकडे.

“वन्सं,” मी म्हटलं, “चिंधी!”

“अगं, रुमाल आहे तो. स्वच्छ आहे.”

“हा नाही! पाहुणी! पेट्रोलच्या नळीवरची चिंधी!”

वन्संचा हात तसाच थांबला. त्यांचे डोळे मोठे झाले. आणि मग त्या पळाल्या. आमच्या वन्सं, ज्या बस चुकली तरी पाऊल उचलत नाहीत, त्या पदर खोचून पळाल्या आणि डबा पोटाशी धरून परत आल्या. झाकण उडालं, रीळ घरंगळत गटाराकडे गेलं, कुणी बघितलंसुद्धा नाही.

त्या चिंधीवर आम्ही किती शनिवार घातले होते! नळी खडखडू नये म्हणून बांधली असेल, असं वन्संचं मत. कुणीतरी हाताला लागलं म्हणून बांधलेली पट्टी तिथं राहून गेली, असं माझ्या नवऱ्याचं. आणि मी म्हटलं होतं की मेकॅनिक आळशी होता, हात पुसले आणि दिली कोंबून. आता ती पट्टी मी उलगडून धरली. लोकरीची, कडक झालेली, तारेच्या वेढ्यांचे वळ अजून तसेच. एका बाजूनं तपकिरी करपलेली. तो करपलेला डाग मी नळीच्या बाकावर धरून बघितला. बरोबर धुराड्यासमोर. पट्टी जिथं सुरू होत होती तिथं धुराडी सुरू होत होती, आणि जिथं संपत होती तिथं ती संपत होती.

अंगावर काटा आला. माझ्यासारखंच कुणीतरी, तापलेल्या इंजिनापुढं, वरून कुणीतरी ओरडत असताना, बोट भाजून घेऊन इथंच उभं राहिलं होतं. आणि त्यानं कुणाच्या तरी अंथरुणातलं ब्लँकेट फाडलं होतं. आळशी म्हणे! मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले.

“कारखाना थंड मुलखातला,” वन्सं भराभर बोलायला लागल्या, “ड्रॉइंग तिथं काढलं. तिथं नळी तापायचा प्रश्नच नाही. पण हे विमान पाठवलं कुठं? उन्हाच्या मुलखात! आणि ते दिवसातून कितीतरी वेळा वर जायचं, उतरलं की लगेच पुन्हा. मला माहीत होतं गं, सगळं माहीत होतं, वैमानिकांच्या आठवणी वाचल्यात मी. एकाला एक जोडलं नाही, एवढंच.”

“जुनी चालणार नाही,” मी म्हटलं. “तेलानं माखलीये, पेट घेईल. नवी हवी. लोकरीची. जाड.”

आम्ही तिघांनी एकाच वेळी फाटकाकडे बघितलं.

“नाही हां,” ट्रकवाला म्हणाला. “ती मोजून दिलीयेत मला.”

“एकच,” मी म्हटलं.

“वहिनी, ते विमान गुंडाळायला आणलंय!”

“मग विमानच गुंडाळतोय की!”

त्यानं काही सुचायच्या आत माझ्या नवऱ्यानं पत्रा कापायची मोठी कात्री काढली होती. टर्रर्र आवाज झाला. ट्रकवाल्यानं डोळे मिटून घेतले. पण पट्टी कापून झाल्यावर तार ताणून धरायला तोच पुढं आला, आणि त्याचे हात चांगले होते. दोर बांधणाऱ्या माणसाला ताण कळतो. जुन्या चिंधीवरचे वळ बघून आम्ही तार तशीच फिरवली, तेवढेच वेढे, त्याच बाजूला पीळ.

“थांबा,” तपासनीस बाई म्हणाल्या.

त्या जवळ आल्या होत्या. फाइल उघडलेली. “मला हे सांगायला बरं वाटत नाही,” त्या म्हणाल्या, “पण नियम आहे. ‘कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये नसलेली कोणतीही वस्तू विमानावर असता कामा नये.’ असली तर चाचणी ग्राह्य धरता येत नाही.”

“कुणी लिहिला हा नियम?” मी कमरेवर हात ठेवून विचारलं. “कुठल्या शहाण्यानं?”

बाईंनी वन्संकडे बघितलं.

“मी,” वन्सं म्हणाल्या. “संग्रहालयाचे सगळे नियम मीच लिहून दिलेत. लोक हवं ते जोडायचे. कुणी चकचकीत स्क्रू, कुणी नवीन मीटर. मला चीड यायची.”

मी कमरेवरचे हात खाली घेतले. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडत नाही. वन्संचा चेहरा उतरला होता. त्यांची सगळी हयात त्या एका ओळीवर उभी होती, आणि आता तीच ओळ आमच्या विमानाला छताला टांगायला निघाली होती. त्या विमानाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातली जुनी चिंधी घेतली आणि बाईंच्या उघड्या फाइलवर, कागदांवरच ठेवली.

“हा डाग बघा,” त्या म्हणाल्या. “हा आमच्या वर्कशॉपमध्ये पडलेला नाही. हा युद्धात पडलाय. एकदा नाही, रोज पडलाय. कारखान्यातून निघालं तेव्हा हे विमान ड्रॉइंगसारखं असेल. पण लढलं ते असं, ही पट्टी बांधून. मी त्याला परत कारखान्यात नेऊन उभं केलं. मला ते लढलं तसं करायचं होतं. चूक माझी. नियम अपुरा आहे, आणि मी तो आत्ता, इथं, माझ्या सहीनं दुरुस्त करते.”

“तसं लिहून द्याल?”

“आणा पेन.”

बाईंनी पेन पुढं केलं. वन्संनी उभ्याउभ्याच, विमानाच्या पंखावर कागद टेकवून, लिहून दिलं. बाईंनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, “चला मग. पहिल्यापासून.”

ट्रकवाल्यानं स्वतःच्या ट्रकची बॅटरी आणून जोडली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

पंखा हातानं फिरवला. नवरा वर, वन्सं नळकांड्याशी, मी पुढं. हात वर. खोकला, धूर, आणि पुन्हा तो घरभर भांडणाचा आवाज! पण या वेळी मी हसले नाही. काटा वर चढताना मी श्वास धरून उभी होते. पुरतं तापलं. जोर दिला. विमान साखळदंडाला हिसके द्यायला लागलं, चला ना, चला ना, म्हणत. बाईंची खूण. बंद.

टिकटिक, टिकटिक.

या वेळी बाई मुद्दाम थांबल्या. चांगला लांब वेळ, नळीतलं पेट्रोल शिजायचं असेल तर शिजू दे म्हणून. त्यांचंही बरोबर होतं, पण मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता. ट्रकवाल्यानं माझ्या नकळत माझी बाही पकडली होती. वन्सं डोळे मिटून पुटपुटत होत्या. देवाचं नाव असावं, किंवा पेट्रोलचा उकळण्याचा अंश.

“हं,” बाई म्हणाल्या.

मी हात वर केला.

पंखा अर्धा वेढासुद्धा पुरा फिरला नसेल. धाडकन पेटलं! एका दमात, सगळी सिलिंडरं एकदम, खोकला नाही, कुरकुर नाही, जणू बंद झालंच नव्हतं! मी किंचाळले. कुणाला ऐकू गेलं नाही, मला स्वतःलाही नाही. नवरा वर कॉकपिटमध्ये दोन्ही हात उंचावून नाचत होता आणि मी त्याला खुणेनं सांगत होते, हात खाली घ्या, दांडा धरा! वन्संनी नळकांडं टाकून माझ्या गळ्यात हात टाकले. लग्नाच्या दिवशीसुद्धा टाकले नव्हते. त्या रडत होत्या, मीही रडत होते, पंख्याच्या वाऱ्यानं पाणी गालावरून कानाकडे पळत होतं. तपासनीस बाईंच्या घट्ट केसांतून एक बट सुटून उडत होती आणि त्या ती आवरत नव्हत्या.

बाईंनी जाण्याआधी चहा घेतला. दोन कप. फाइलमध्ये काय लिहिलंय ते विचारायची गरज पडली नाही, कारण त्यांनी ट्रकवाल्याला सांगितलं, “तुम्ही जाऊ शकता.”

“मोकळाच?” तो म्हणाला. मग कापलेल्या ब्लँकेटकडे बघून, “आणि याचं काय सांगू तिकडे?”

“सांगा, विमानाला भाजत होतं,” मी म्हटलं.

तो मान हलवत ट्रकमध्ये बसला. फाटकातून बाहेर पडताना त्यानं काच खाली करून ओरडून विचारलं, “उडवाल तेव्हा बोलवाल ना?”

“तुमच्याशिवाय उडवायचंच नाही!” नवरा ओरडला.

आम्ही विमान आत घेतलं, चाकांना ठोकळे लावले. मी इंजिनावरून हात फिरवला. अजून कोमट होतं. संग्रहालयाच्या छतातल्या त्या कड्या आता काय करणार, असा विचार करून मला हसू आलं. टांगू देत एखादं झुंबर.

मागे वळून बघते तर वन्सं भिंतीपाशी उभ्या. ड्रॉइंगवरचं प्लास्टिक त्यांनी काढलं होतं. एका हातात चहाचा कप, ड्रॉइंगपासून वीतभर अंतरावर. मला वाटलं यांना झीट येतेय.

“पेन्सिल दे गं,” त्या म्हणाल्या.

मी कानामागची पेन्सिल काढून दिली. चष्मा नाकावर ओढून, जीभ दातात धरून, वन्संनी पेट्रोलच्या नळीच्या त्या बाकावर एक छोटी गुंडाळलेली पट्टी काढली. तारेचे वेढेसुद्धा काढले, मोजून. मग मागे सरकून बघितलं.

“ती पाहुणी नव्हती,” त्या म्हणाल्या. “घरचीच होती. आम्हीच ओळखली नाही.” हे त्या चिंधीकडे बघून बोलत होत्या की माझ्याकडे, ते मला नीट कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मग त्यांची नजर फळीवर गेली. डब्याचं झाकण उघडंच होतं. त्यांनी कप खाली ठेवला, ड्रॉइंगच्या अगदी खाली, आणि दोन बोटांनी तो दात तुटलेला कंगवा बाहेर काढून उजेडात धरला.

“काय गं,” वन्सं हळूच म्हणाल्या, “हा सीटखाली नक्की कुठल्या बाजूला होता?”